बिनफेसाची कॉफी

कॉफीचं मशीन सासूबाईंच्या घरी नेऊन ठेवायचं, एवढंच मी ठरवलं होतं. पण माझं नशीब असं, की मी साधं दार लावायला गेलो तरी कडी हातात येते.

मी जॉर्डनच्या अम्मान शहरात एका कंपनीत वापर-संशोधक होतो. म्हणजे काय, हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही (ते लोकांना सांगत, "पोरगा मशीनवाल्यांकडे आहे"). नवी वस्तू पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आवडते. तीच माणसं सहा महिन्यांनी तीच वस्तू कशी वापरतात, सवय लागते की कंटाळा येतो, हे त्याच त्याच घरी पुन्हा पुन्हा जाऊन बघायचं. आमच्यात याला दीर्घकालीन अभ्यास म्हणतात. बायकोला, अबीरला, हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "मग मला विचार की! मी एक वस्तू आठ वर्षं वापरतेय."

या वेळची वस्तू होती विजेवरचं कॉफीचं मशीन. वेलदोड्याची आपली घट्ट कॉफी, बटण दाबलं की तयार. घरं हवी होती सहा, मिळाली पाच. माझी नोकरी तात्पुरती. अभ्यास तडीला गेला तर पक्की, नाहीतर बसा घरी. अबीरला नुकतेच दिवस गेले होते, त्यामुळे घरी बसणं मला परवडणारं नव्हतं. सहावं घर म्हणून मी जबल ताज टेकडीच्या त्या जीवघेण्या पायऱ्या चढून मशीन सासूबाईंकडे, उम्म घस्सानकडे (म्हणजे घस्सानच्या आईकडे), नेलं. नातेवाईक चालत नाहीत असा नियम आहे. मी आमच्या साहेब लमीस मॅडमना सांगितलं, "ओळखीच्या एक बाई आहेत." (खोटं काय त्यात? ओळख होतीच.)

दुसरा नियम असा, की संशोधकाने शिकवायचं नाही, मदत करायची नाही, स्वतःचं मत तर मुळीच द्यायचं नाही. नुसतं बघायचं.

पहिल्याच भेटीत सासूबाईंनी आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाळा, हे सुरू कुठून होतं?"

"तुम्हाला काय वाटतं, मावशी?" (आमच्याकडे सासूला मावशीच म्हणतात.)

"मला वाटतं, तू आणलंयस म्हणजे तुला ठाऊक असेल."

"तुमच्या मनानं करून बघा ना."

आतून मेहुणा घस्सान ओरडला, "आई, हा अबीरशी भांडून आलाय का?"

अखेर बटण सापडलं. कॉफी आली, पण तिच्यावर फेस नव्हता. आमच्याकडे बिनफेसाची कॉफी पुढे करणं म्हणजे पाहुण्याला दार दाखवण्यातला प्रकार. चव भिजलेल्या पुठ्ठ्याची. पण मत द्यायचं नाही! शिवाय समोर सासूबाई. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो आणि म्हणालो, "हात सलामत राहोत, मावशी!"

"अंगी लागो," म्हणत त्यांनी दुसरा कप भरला.

पुढे मी महिन्या-महिन्याला जात राहिलो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून कुनाफा, आमची चीजची पाकातली मिठाई, घेऊन. मशीन बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटावर, क्रोशाच्या रुमालाखाली विराजमान झालेलं असायचं. मी अहवालात लिहिलं, "वस्तूला घरात मानाचं स्थान." बटणांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. मी लिहिलं, "हाताळणी अत्यंत काळजीपूर्वक."

"मशीन कसं आहे, मावशी?"

"उत्तम! तू आणलेलं वाईट कसं असेल?"

लिहिलं, "समाधान सर्वोच्च."

तिकडे बाकीच्या घरांची पडझड चालू होती. एका बाईंनी मशीन भाचीच्या लग्नात आहेर म्हणून दिलं. एक गृहस्थ त्यात अंडी उकडत होते. तिसऱ्या घरी तर मी बेल वाजवली की आतला टीव्ही बंद व्हायचा. शेवटी सासूबाई तेवढ्या उरल्या.

"वसफी, हे एकच घर टिकलंय," लमीस मॅडम म्हणाल्या. "तेही गेलं तर अभ्यास संपला, आणि तुझं कामही. शेवटच्या भेटीला मी स्वतः येते. मशीनवर एवढा जीव लावणारी बाई मला बघायचीय."

मी धावत जबल ताज गाठलं. "मावशी, उद्या मला जावई म्हणू नका."

"या अल्लाह! अबीरनं काय केलं?"

"काही नाही. नोकरीचा प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी मॅडम दारात दिसताच सासूबाईंनी जाहीर केलं, "ये पोरी, ये. हा वसफी. माझा कोणीसुद्धा लागत नाही." (मी छताकडे बघितलं.)

रुमाल निघाला, बटण दाबलं गेलं, कॉफी आली. मॅडमनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला, की सासूबाईंनी कपच काढून घेतला.

"अगं बाई, नाही ना आवडली? थांब, तुला चांगली करून देते." त्या आत गेल्या आणि पितळी भांड्यातली, बोटभर फेसाची कॉफी घेऊन आल्या.

"मग ती मशीनची?" मॅडमनी विचारलं.

"ती याच्यासाठी. याला आवडते ना! आम्ही कोणी तोंड लावत नाही. हा आला की मशीन खाली काढते, गेला की पुसून झाकून ठेवते. थेंब उरत नाही याच्या कपात. मी म्हटलं, माझी लेक घरी काय पाजते बिचाऱ्याला, कोण जाणे!"

"तुमची लेक?"

घस्सान हळूच उठून बाहेर सटकला.

"मावशी," मी कसाबसा म्हणालो, "मला आवडत नव्हती हो. तुम्ही एवढ्या प्रेमानं देत होतात म्हणून प्यायलो. पण तुम्ही तरी सांगायचं होतं!"

"तू हौसेनं आणलेलं, तुझ्या तोंडावर नावं ठेवू? तुझी नोकरी अशी लटकलेली, अबीर पोटुशी. म्हटलं, सगळीकडे ऐकून घेत असेल पोरगा, निदान इथं तरी त्याला कोणी वाकडं बोलू नये."

आईनंतर माझी अशी काळजी कोणी केली नव्हती, आणि मी त्याच बाईला "समाधान सर्वोच्च" म्हणून नोंदवत होतो.

लमीस मॅडमनी फेसाळ कॉफी सावकाश संपवली. मग म्हणाल्या, "वसफी, आपलं मशीन न चुकता सहा महिने वापरणारा या शहरात एकच माणूस निघाला."

"कोण?"

"तू. संशोधनात आता तुला ठेवता येणार नाही. गोदामात एक पक्की जागा आहे, ती घे. पण अभ्यास वर्षभर वाढवतेय, आणि आता अभ्यासाचं घर तुझं."

मला मुलगी झाली. मशीन आता आमच्या काचेच्या कपाटावर असतं. माझ्या जागेवर आलेली नर्मीन नावाची मुलगी महिन्याला येते, कोचाच्या कडेला बसते आणि नुसती बघते. गेल्या गुरुवारी घामाघूम होऊन आली, हातात कुनाफा. तीही तात्पुरतीच आहे म्हणे.

मी कप संपवल्यावर तिनं विचारलं, "कशी वाटते कॉफी?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, "उत्तम!"

अबीरनं लगेच माझा दुसरा कप भरला.