रहांगडाले सरांची दुसरी खुर्ची

रहांगडाले सरांच्या वर्गात फळ्यावर गणित सोडवायला आलेल्या पोराने खडू उचलायच्या आधी एक गोष्ट मोठ्याने सांगायची असते: हे गणित त्याने कोणाला विचारलं.

"अंकितले विचारलं सर."

"मामेबहिणीले विचारलं सर."

"मोबाइलातल्या सरले विचारलं सर."

विचारलं म्हणून ते कधीच रागावत नाहीत. लपवलं की मात्र खैर नाही. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते. मधली भिंत इतकी पातळ आहे, की माझ्या कवितेच्या ऐन रंगात "मोबाइलले विचारलं" असं ऐकू येतं आणि माझी पोरं खुदकन हसतात. भिंतीबद्दल मी अर्ज करून थकले.

आमच्या गोंदियाच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, कॅल्क्युलस सुरू होण्याआधी, पाया पक्का करून घेणारा एक पेपर आहे. फलन, आलेख, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम. बाकीच्या प्राध्यापकांना तो नको असतो. सर मात्र तो मागून घेतात. "गच्चीवर मंग जाऊ, आधी पायऱ्या झाडा," हे त्यांचं आवडतं वाक्य. कॅल्क्युलस म्हणजे गच्ची.

पहिल्या दिवशी ते गणित शिकवत नाहीत, नियम वाचून दाखवतात. आधी मराठीत, मग हिंदीत, आणि तरी कोणी कुजबुजलं तर नुसतं बघून. कॅल्क्युलेटर बॅगेत. खोडरबर घरी. चूक खोडायची नाही, तिच्यावर एक आडवी रेघ मारायची. "कुठं घसरलो ते दिसलं पाहिजे ना बे!" उशिरा येणाऱ्याला ते बाहेर काढत नाहीत; पहिल्या बाकावर, अगदी आपल्या नाकासमोर बसवतात. त्यामुळे सध्या कोणी उशिरा येत नाही.

चाचणी बुडवायला दोनच कारणं चालतात, आजारपण आणि रोवणी, म्हणजे भाताची लावणी. सर स्वतः धानाच्या शेतकऱ्याचे, त्यामुळे रोवणीला पोरं घरी लागतातच हे त्यांना ठाऊक. पण पुरावा म्हणून हात दाखवायचे. गेल्या पावसाळ्यात जवळच्या कुडवा गावचा एक हिरो नखांत चिखल भरून आला. सरांनी त्याचा हात नाकाशी नेला आणि शांतपणे म्हणाले, "हा धानाच्या बांधीतला चिखल नोहे. हा आपल्या नळाजवळचा आहे. बस, पेपर लिही."

नियमांत शेवटचा नियम शंका-तासाचा. दुपारच्या सुट्टीनंतर सर कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत बसतील, कोणीही यावं, काहीही विचारावं. खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या. एकीवर सर. दुसरी रिकामी.

ती दुसरी खुर्ची आमच्या कॉलेजातली सगळ्यात फिरती वस्तू. कोणाकडे पाहुणा आला की शिपाई तीच उचलायचा. सर लगेच मागे जायचे, ती परत आणायचे, रुमालाने पुसायचे. "अरे, शंका-तास चालू आहे!"

"सर, पण शंका कुठं आहे?" मी एकदा चिडवलं.

"येऊन राहिली," सर ऐटीत म्हणाले.

ती काही आली नाही. ज्या माणसाने चिखलाचा वास घेऊन खोटं पकडलं, त्याच्यासमोर एकटं बसायची हिंमत कोण करणार? शेवटी प्राचार्यांनी कळवलं की तो तास पुढच्या महिन्यापासून वेळापत्रकातून काढू, खोली जुन्या बाकांना देऊ. सर या वर्षाअखेर निवृत्त होणार, म्हणजे तास गेला तो कायमचाच. मला वाटलं, सर भांडतील. ते माझ्याकडे आले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"मॅडम, पोरं भावाले विचारतात, मैत्रिणीले विचारतात, मोबाइलले विचारतात. रोज कान देऊन ऐकतो. माहं नाव कोणी घेत नाही."

इतकी वर्षं मी त्या 'कोणाला विचारलं'च्या नियमाला शिस्त समजत होते. हा माणूस रोज आपल्या नावाची वाट बघत होता.

त्याच आठवड्यात भिंतीपलीकडून कविता उईकेचा आवाज आला. चिचगडकडची, इथे खोली करून राहणारी, एरवी तोंड न उघडणारी पोरगी.

"कोणाले विचारलं?"

"कोणालेच नाही सर."

"मंग येते का गणित?"

"नाही येत."

"मंग फळ्यावर कायले आली?"

"तुमाले विचारून राहिली सर."

माझ्या पोरांनी भिंतीकडे माना वळवल्या. मी अर्ध्या ओळीत थांबले.

मग सरांचा आवाज आला. "शंका वर्गात नाही. शंका-तासात. नियम म्हणजे नियम. जा, बस."

मला इतका संताप आला, की हातातलं डस्टर त्या भिंतीवर फेकून मारावं! आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दारात आलं, आणि या गृहस्थांनी त्याला वेळापत्रक दाखवलं. दुपारी डबाही गोड लागला नाही मला.

सुट्टी संपली आणि मी हजेरीला सुरुवात करते तोच दारात सर. शर्टाच्या बाहीवर खडू, कपाळावर घाम.

"मॅडम, एक खुर्ची देता का?"

"आता कायले?" माझा राग उतरला नव्हता. "तुमची आहे ना, दुसरी?"

"ते भरली," सर म्हणाले. "अजून दोघं भिंतीले टेकून उभे आहेत." एवढं सांगून त्यांनी घाईने चष्मा काढला आणि खुर्चीच्याच रुमालाने पुसायला घेतला.

मी माझी खुर्ची उचलून त्यांच्या हातात दिली. तो तास मी उभ्यानेच घेतला.