शोभाचा सातबारा

मी गहिनीनाथ. बीड जिल्ह्यातला एकमेव गुप्तहेर. किती गुप्त, तर घरावर दहा फुटी बोर्ड लावलाय तरी लोक आत डोकावून विचारतात, "पिठाची गिरणी हीच का?" माझी नजर ससाण्याची, डोकं कोल्ह्याचं आणि मोटारसायकल मेव्हण्याची. हा मेव्हणा मुंजाजी माझा सहायक. पगार मागत नाही, फक्त गाडी परत मागतो.

एकतीस मार्चला भर दुपारी गल्लीतली संगीता धापा टाकत आली. तिच्या बचत गटानं शहरातल्या नव्या वॉकिंग ट्रॅकच्या कडेनं बहावा, तामण, कांचन लावायला सरकारी निधी मागितला होता. झाडं लावून तीन वर्षं पाणी घालायचं काम गटातल्या दहा बायांना मिळणार होतं.

"दादा, समद्या सह्या झालत्या, आन आज फाईल माघारी आली! पाचच्या आत उत्तर न्हाई दिलं तर निधी परत जातो. मंग दसऱ्याला पुन्हा ऊसतोडीला जायचं. लेकीची शाळा पुन्हा बुडती वो." ती अगदी रडकुंडीला आली होती.

फाईलवर साहेबांचा लाल शेरा होता : 'सदर झाडे शोभा यांची असल्याचे दिसते. खाजगी व्यक्तीच्या झाडांना सार्वजनिक निधी देय नाही. शोभा यांचा सातबारा जोडावा.'

"ही शोभा कोण?" मी डोळे बारीक केले.

"काय म्हाईत! आमच्या गटात शोभा न्हाई. गल्लीतबी न्हाई."

"न्हाई म्हणजेच हाय!" मी गरजलो. "जी दिसत नाही तीच खरी सूत्रधार."

"दाजी," मुंजाजी म्हणाला, "तुमाला तर म्होरचा खड्डाबी दिसत न्हाई."

शोभा ही ट्रॅकच्या ठेकेदाराची बायको, हा माझा पहिला सिद्धांत. ठेकेदार बिनलग्नाचा निघाला. शोभा हे टोपणनाव, हा दुसरा. मग मला एकदम मांजरसुंब्याचा 'शोभा ढाबा' आठवला. आम्ही उन्हातान्हात तिथं धडकलो.

"शोभा कुठंय?" मी मालकाला, आप्पारावला, दरडावून विचारलं.

आप्पारावच्या डोळ्यांत पाणी आलं. "शोभा मागच्या पोळ्याला गेली, सायेब. तिच्याच दुधावर ह्यो ढाबा हुबा ऱ्हायला. लई गुणाची म्हैस."

"मयत!" मी वही काढली. "वारस?"

"दोन रेडे हायत."

चार वाजता घरी आलो तर संगीता उंबऱ्यात बसलेली. माझी आई कडूबाई तिला जबरदस्तीनं चहा पाजत होती. आईनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण माझं वाचन तपासायची तिला भारी हौस.

"वारस मिळाले," मी जाहीर केलं. "आता दोघांचे अंगठे घेतले की झालं."

"अंगठे ऱ्हाऊ दे. आदी त्यो अर्ज मला वाचून दाखव."

मी खणखणीत आवाजात वाचला, "'पादचारी मार्गाच्या कडेने शोभाची झाडे लावणेसाठी निधी मिळणेबाबत.'"

"मुडद्या! शोभाची न्हाई, शोभेची! दिसायला चांगली असत्यात, ती! कुन्या आंधळ्यानं लिवला ह्यो अर्ज?"

संगीतानं मान खाली घातली. "दादांनीच लिहून दिलता."

मार्चमध्ये मी लोकांचे चाळीस अर्ज लिहितो. लिहितो, वाचत नाही. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. मी एक काना खोडला, एक मात्रा दिली, आणि मुंजाजीनं आम्हा दोघांना गाडीवर कोंबून ऑफिस गाठलं. पाचला दहा कमी होते.

साहेबांनी चष्मा वर-खाली करून वाचलं, सही ठोकली, शिक्का मारला. संगीतानं शिक्क्याला हात लावून कपाळाला लावला. "औंदा कोयता न्हाई! पोरगी शाळंत जाणार!" ती एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

साहेबांचं समाधान मात्र होईना. "सगळं ठीक, पण मग ती शोभा?"

संगीतानं पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडं बोट केलं.

"ह्यांची झाली, सायेब."