फांदीवरचा दगड

म्हसावदच्या बाजारात दोन गल्ल्या फुटतात तिथे एका गल्लीच्या तोंडाशी लिंबाची फांदी आणि तिच्यावर दगड दिसला, की खुशाल समजावं: रघुतात्या लग्नाला पुढे गेलेत आणि घरची मंडळी मागून येताहेत. फांदी पडली ती वाट चुकीची, हा डोंगरातला जुना रिवाज. तात्या तो भर बाजारातही पाळतात. रिक्षावाले ओरडतात, तात्या उलट त्यांनाच झापतात.

त्यांचं भांड्यांचं दुकान माझ्या दुकानाला लागून. तरुणपणी ते तोरणमाळच्या यात्रेला पायी जायचे. पुढचा माणूस प्रत्येक फाट्यावर फांदी टाकायचा, मागचे निवांत येत राहायचे. आता येतात ट्रेकिंगवाले. दोन हातांत दोन काठ्या, मनगटावर घड्याळ, घड्याळात नकाशा.

"वाट घड्याळले इचारतस!" तात्या भडकतात. "आनि मांगला मानूस कोठे शे, हाई कोन इचारी?"

गेल्या हिवाळ्यात असेच ट्रेकिंगवाले मित्र घेऊन त्यांचा मुलगा सुनील पुण्याहून आला. तात्याही हट्टानं त्यांच्यासोबत तोरणमाळला निघाले. गुडघे धड नाहीत, म्हणून सोबतीला मी. "तात्या, या तुम्ही सावकाश," म्हणून सुनील जो सुटला, तो पहिल्याच चढावर दिसेनासा झाला.

फाट्याशी आलो. दोन्ही वाटा मोकळ्या. तात्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तोफ सुटली! काठ्या, घड्याळं, पुणं, सगळ्यांचा उद्धार झाला. मलाही संताप आला. एक फांदी मोडायला असा कितीसा वेळ लागतो?

तरी समजूत घालायला म्हणालो, "तात्या, तुम्हाला तर वाट पाठ आहे. फांदी हवी कशाला?"

"वाट माले ठाऊक शे." आवाज एकदम उतरला. "त्याले याद व्हती का, मांगे बाप चाली ऱ्हायना?"

दोघं बसलो, पाणी प्यालो. तात्यांचे गुडघे पुढे जायला तयार नव्हते. शेवटी घरी परतायचं ठरलं.

निघताना ते कण्हत उठले, झुडपाची फांदी मोडली, चुकीच्या वाटेवर आडवी टाकली आणि वर दगड ठेवला.

"आता कोणासाठी? आपल्या मागे तर कोणीच नाही."

"सुनील माले धुंडाले खाले यी," तात्या दगड नीट बसवत म्हणाले. "मन्हाकरता त्या वाटले जावाले नको."