हाज दुसूकींचा पाक

इजिप्तमधल्या तांता शहरातल्या त्या इस्पितळात डॉक्टरांनी नर्सना एक आज्ञा कायमची देऊन ठेवली होती: पेशंटला घरी सोडण्याआधी साबणानं हात धुऊन बोटातून साखर तपासा; दोनशेच्या वर गेली तर मला न विचारता थांबवून घ्या आणि तासाभराने पुन्हा बघा. हाज दुसूकींची साखर चारशे निघाली, आणि नर्स मिस अवातिफनं त्यांचे बूट पलंगाखाली सरकवले.

पंचाईत अशी, की त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी त्यांच्या मुलीचा, रबाबचा निकाह होता. मुलीच्या बापानं जावयाचा हात हातात धरायचा, वर पांढरा रुमाल पडायचा, मग काझी वाचणार. बापच नसेल तर रुमाल कोणाच्या हातावर टाकायचा?

एक कणही खाल्लेला नाही, असं हाज शपथेवर सांगत होते. पण जन्मभर मिठाईचं दुकान चालवलेल्या माणसाची शपथ कोण मानणार? त्यातून सकाळीच व्याही मंडळी बसबूसाचं, म्हणजे पाकात भिजवलेल्या रव्याच्या वड्यांचं, ताट उशाशी ठेवून गेलेली.

तासाभराने साखर आणखी चढली. रबाब केसांतल्या रोलरांसकट धावत आली. तिनं उशी झाडली, मोजे उलटे केले, शेजारच्या म्हाताऱ्यालाही उठवलं. त्याच्याखाली बसबूसाचे दोन तुकडे सापडले, पण ते त्याचे स्वतःचे निघाले.

"बाबा, माझं लग्न मोडायचंय का?"

"हवं तर तोंड हुंगून बघ."

रबाबनं खरंच हुंगलं. इस्पितळातल्या मसुरीच्या आमटीखेरीज कसलाच वास नव्हता.

अवातिफनं पुन्हा स्पिरिटचा कापूस बोटावर फिरवला, तर तो तिथंच चिकटला. ओढला, तर निम्मा बोटावर दाढीसारखा राहिला.

"हाज, हे काय?"

"पाक बघत होतो, चिमटीत धरून," हाज मान खाली घालून म्हणाले. "विहीणबाईंचा एकतारी झालेला नाही. खायचं नाही म्हणालात, बघायचं पण नाही?"

आधी साबणानं हात धुवायचे, हेही त्याच आज्ञेत होतं. घाईत अवातिफच विसरली होती. तिनं त्यांना नळाशी नेऊन बोटं साबणानं घासली. आता साखर एकशे चाळीस. बूट तिनंच त्यांच्या पायांत चढवले.

संध्याकाळी रबाबचा फोन आला. निकाह झाला होता, पण रुमाल काढला तरी सासऱ्या-जावयाचे हात सुटेनात. घरी पोचताच बाबांनी आधी सरबताच्या पाकाची कढई गाठली होती.

"हा मात्र एकतारी आहे, असं बाबा म्हणतात. मिस, साबण लावू का?"

"इतक्यात नको," अवातिफ म्हणाली. "तासाभराने पुन्हा बघा."