उंड्यांभोवती गुंडाळलेलं शब्दकोडं

'मला राग येत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाचाच मला पहिला राग येतो. मला येतो, आणि उगीच येत नाही. चार वर्षं मी पेपरातलं बक्षिसाचं शब्दकोडं सोडवतोय. पण 'अचूक उत्तरं पाठवणारे' या यादीत 'बसवप्रभु, बसवकल्याण' एवढे दोन शब्द कधी छापून आले नाहीत. ऑफिसातला लिंगराज दर सोमवारी सगळ्यांदेखत विचारतो, "साहेब, आलं का नाव?" (त्याला साधी स्वतःची सही वळणदार करता येत नाही.)

या खेपेला मात्र मी हट्टाला पेटलो. एक आडवा शब्द सोडला तर कोडं पुरं झालं होतं. तो सकाळी ताज्या डोक्यानं शोधू, असं ठरवून मी पेपर फ्रिजवर ठेवला. एवढाच काय तो माझा गुन्हा.

सकाळी पेपर गायब! बायकोही गायब, पण ती कुठं असेल ते ठाऊक होतं. येळवस होती ना! त्या अमावास्येला अख्खा तालुका रानात जेवतो. नागरत्ना पहाटेच भावाच्या जीपमधून मुडबीला, माहेरच्या शेतावर गेली होती. मी फोन लावला.

"फ्रिजवरचा पेपर कुठं हाय?"

"उंडे बांधून आणलेत त्यात."

बाजरीचे उकडलेले गोल उंडे! माझ्या चार वर्षांच्या तपश्चर्येत! कोड्याचा आणि स्वतःचा असे दोन फोटो संध्याकाळी पाचच्या आत व्हॉट्सॲपवर पाठवायचे होते. (तिलाच फोटो काढून पाठवायला सांगता आलं असतं, हे आत्ता लिहिताना सुचतंय.) मी दातओठ खात गाडीला किक मारली.

पण येळवशीला वाटेनं जाणाऱ्याला कुणी उपाशी सोडत नाही. पहिल्याच वळणावर एका अनोळखी म्हाताऱ्यानं काठी आडवी धरली.

"आंबिल घेऊन जावा, अण्णा."

"घाई हाय हो!"

"मग घाईनं प्या की."

अशा चार शेतांवर मी चरफडत आंबिल प्यालो, पालेभाज्या-शेंगांची भज्जी खाल्ली. पाचव्या शेतावर सासरे काशप्पा उभेच होते. मी पेपर मागितला.

"कोडं नंतर बघा. येळवशीला रानात भांडायचं न्हाई, जेवायचं!"

मी पानावर बसलो. सगळा राग भज्जीवर काढला आणि कडब्याच्या खोपीत जरासा टेकलो.

जाग आली तेव्हा साडेपाच वाजले होते. मी असा ओरडलो की बैल दावणीला उभे राहिले.

"कामून वरडायलात?" नागरत्नानं विचारलं.

"माझं नाव बुडालं!"

"कुठं बुडालं? उंडे संपले, पेपर मोकळा झाला. राहिलेला शब्द भरला, तुमचे तीन चुकले होते ते नीट केले, अन् चारलाच पाठवलं. तुमच्याच नावानं."

तीन चुकले होते! आभार राहिले बाजूला, त्या तीन शब्दांपायी मी रविवारपर्यंत तिच्याशी अबोला धरला.

रविवारी पेपर उघडला, तर पहिलंच नाव माझं! शेजारी फोटो. खोपीत आडवा पडलेला मी, तोंड उघडं, मिशीला आंबिल. सोमवारी लिंगराजनं तो नोटीस बोर्डावर चार टाचण्या मारून लावला. मी तणतणत घरी आलो.

"माझा दुसरा फोटो न्हवता का?"

"होते की ढीगभर," नागरत्ना शांतपणे म्हणाली. "पण त्या समद्यांत तुमी रागावलेले हायात."