इस्त्री केलेल्या स्लीपिंग बॅगेची कैफियत

तमाम आप्तांस आणि गिऱ्हाइकांस विदित व्हावे ऐसे वर्तमान जे, डोंगर आणि जंगल मुलखाच्या स्वारीस एकच दिवस उरला असता, शनिवारी सकाळी चहा उकळण्याच्या सुमारास, इस्त्रीवाल्यांच्या घरी मोठा अनर्थ उघडकीस आला. तो ऐसा की, खोळीतून काढलेली स्लीपिंग बॅग पुन्हा खोळीत जाईना. ही गोष्ट प्रथम इस्त्रीवाल्यांच्या ध्यानी आली आणि त्यांनी ती दाबून ठेवली, आणि मग कन्येने पाहिले आणि घरभर बोभाटा जाहला.

हे कैसे घडले ते मुळापासून लिहिणे प्राप्त आहे. इस्त्रीवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या लाँड्रीचे धनी. त्यांच्या बाईसाहेब चालण्याच्या शौकीन. दर साल मंडळी जमवून डोंगरात जात आणि पायाला फोड घेऊन हसत परत येत. इस्त्रीवाले दुकान सोडून कधी गेले नाहीत. यंदा मात्र बाईसाहेबांनी दोघांची नावे परस्पर देऊन टाकली आणि हुकूम सुटला की, "या वेळी तुम्ही येताय. दुकान काही पळून जात नाही. वरच्या खिंडीतून पलीकडचं जंगल दिसतं, ते तुम्हाला दाखवल्याशिवाय मी गप्प बसायची नाही." आणि उत्साह ऐसा की, स्वारी दूर असता दोन्ही स्लीपिंग बॅगा आपल्या हातांनी खोळीत भरल्या आणि कपाटावर ठेवल्या. मग आजार आला आणि बाईसाहेब गेल्या. मंडळींच्या म्होरकीबाईंनी विचारले की नावे काढू काय, तेव्हा इस्त्रीवाले म्हणाले की, एक काढा, एक राहू द्या. खिंड पाहायची होती.

आता मूळ चूक. शुक्रवारी दुकान बंद केल्यावर इस्त्रीवाल्यांनी आपली स्लीपिंग बॅग सहज पाहावी म्हणून खोळीबाहेर काढली. ती चुरगळलेली निघाली. चुरगळलेल्यास सरळ करण्यात ज्याची हयात गेली, तो पुरुष ते कैसे सोसणार? मग त्यांनी तिजला टेबलावर घेतले, आणि वर ओले फडके घातले, आणि इस्त्री अगदी मंद ठेवून इकडून तिकडे फिरवली, आणि मधोमध ऐसी क्रीज पाडली की नवरदेवाच्या पँटीस नसेल. रात्री समाधानाने झोपले. सकाळी खोळ हातात घेतली तो बॅग आत जाईना.

कारण की भरण्याची विद्या बाईसाहेबांनी कोणास दिली नव्हती. त्या भरू लागल्या म्हणजे इस्त्रीवाल्यांचे हात शिवशिवत, आणि ते मधे मधे घडी घालू पाहत, आणि मग बाईसाहेब त्यांस "तुम्ही आधी बाहेर जा बघू" म्हणोन स्वयंपाकघरात हद्दपार करीत. तेव्हा आत काय होते ते कोणी पाहिलेच नाही.

इकडे म्होरकीबाईंचा फोनवर खलिता आला तो कडक. मजकूर ऐसा की, "संध्याकाळी प्रत्येकाची सॅक बघायला येतेय. सगळं आत मावलं पाहिजे. बाहेर काही लटकलेलं दिसलं तर माणूस घरी ठेवीन. काटेरी जंगलातून जायचंय, आणि वर रात्री गारठा आहे, त्यामुळे स्लीपिंग बॅग नाही तर माणूस नाही." ऐसे दोन्ही बाजूंनी कोंडीत धरले.

अन्य वेढ्यांत शत्रू किल्ल्यात असतो आणि त्यास बाहेर काढावे लागते. येथे शत्रू बाहेर, पलंगभर पाय पसरून निजलेला, आणि त्यास किल्ल्यात घालावयाचे होते. आणि किल्ला तो केवढा, तर मध्यम भोपळ्याएवढा.

पहिला हल्ला इस्त्रीवाल्यांनी खासा केला. बॅग उभी दुमडली, मग आडवी, मग पुन्हा उभी, कडेला कड ऐसी लावली की शेवटी शोभेची उशीच तयार जाहली. ती खोळीच्या तोंडाशी नेली तो चारी कोपरे अडले. मग गुंडाळी करून पाहिली. ती अर्धी आत गेली आणि अर्धी फुगून फुलकोबीसारखी वर राहिली. शिकस्त जाहली.

मग कन्येने साडूंची कुमक मागवली. साडू म्हणजे बाईसाहेबांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, बसचे कंडक्टर, मावत नसलेले मावविण्यात उभ्या शहरात मशहूर. ते आले ते बाह्या सरसावूनच आले, आणि खोळ गुडघ्यांत धरली, आणि बॅगेस दोन्ही हातांनी लोटीत ओरडू लागले, "पुढे चला, पुढे चला! मधे जागा आहे!"

"साडूभाऊ, तिला ऐकू येत नाही हो," इस्त्रीवाले म्हणाले.

"गाडीतल्यांनाही येत नाही. तरी जातात."

ही बॅग गेली नाही. मग साडू तिजवर बसले. तेव्हा आतली हवा फुस्स करून निघाली आणि सर्वांस वाटले की आता फत्ते, आणि तितक्यात गुळगुळीत इस्त्रीमुळे बॅग साडूंखालून सटकली, आणि साडू गालिच्यावरून घसरत थेट सोफ्याखाली दाखल जाहले. तेथून आवाज आला की, "ही इस्त्री कोणी केली?"

दुपार कलली. साडू सोफ्याखालून निघाले, आणि पाणी प्याले, आणि कपाटाकडे बोट दाखवून मसलत दिली की, "एवढी मारामारी कशाला? ताईंची भरलेली आहेच. ती घाला सॅकमध्ये आणि मोकळे व्हा."

इस्त्रीवाले म्हणाले, "ती नाही."

"अहो, सारखीच आहे."

"ती नाही म्हटलं ना."

"मग बसा घरी क्रीज बघत!"

"काका, गप्प बसा जरा," म्हणोन कन्येने साडूंस आवरले. आणि मग ती स्टुलावर चढली, आणि आईची खोळ खाली काढली, आणि बापाच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "उघडू नका, बाबा. नुसती हातात घेऊन बघा. तुम्हाला गठ्ठ्याला हात लावला की आतलं कळतं."

हे खरे होते. मग इस्त्रीवाल्यांनी त्या खोळीवरून हात फिरवला आणि बोटांनी दाबून आतली कड शोधू लागले. एक बाजू पाहिली, मग दुसरी, मग तळ. कड लागेना. सगळे गोळे आणि बोचके.

मग इस्त्रीवाले म्हणाले, "हिने घडीच घातलेली नाही."

"म्हणजे?"

"नुसती कोंबलीये. मुठीमुठीने कोंबलीये! म्हणून मला बाहेर काढायची."

कन्या हसू लागली. ती ऐसी हसली की स्टुलावर बसली आणि पुन्हा उठवेना. आईच्या आजारपणापासून हा आवाज घरात आला नव्हता. "मग कोंबा की तुम्ही पण!"

"मला नाही जमणार गं. माझ्या हाताला वळण नाही तसं."

"डोळे मिटा. मी खोळ धरते."

मग इस्त्रीवाल्यांनी डोळे मिटले आणि पायाकडचे टोक मुठीत धरले, आणि ते आत कोंबले, आणि मग दुसरी मूठ, आणि तिजवर तिसरी. क्रीज मोडल्याचे बोटांस कळले, तेव्हा तोंडातून "अरेरे" ऐसा उद्गार निघाला, परंतु हात थांबला नाही. साडू कानाशी हळू आवाजात "पुढे चला, पुढे चला" म्हणत राहिले. आणि मग कन्या ओरडली की, "बाबा, संपली!" डोळे उघडून पाहतात तो पलंग मोकळा, आणि शत्रू तमाम किल्ल्यात, आणि वर साडूंची मूठ जाईल इतकी जागा शिल्लक. दोरी ओढून दरवाजा बंद केला.

संध्याकाळी म्होरकीबाईंची स्वारी दाखल जाहली. त्यांनी सॅक उचलून हलवून पाहिली, आणि मग उघडली, आणि वरच हँगरला लावलेला शर्ट निघाला.

"काका, हे काय?"

"चुरगळेल ना."

"जंगलात कोण बघणार आहे तुम्हाला?"

"माकडं बघतील," म्हणोन साडूंनी दरम्यान तोंड घातले.

मग तह ऐसा ठरला की शर्ट यावा आणि हँगर घरी राहावा. पुढे बाईंनी खोळ बाहेर काढली, आणि दाबली, आणि उलटसुलट करून पाहिली.

"ही काकूंनी भरलेली ना? त्यांच्याच हातची वाटते."

"नाही," इस्त्रीवाले म्हणाले. "मी भरली."

बाईंनी खोळ जपून सॅकमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या पहाटे चौकात या. उशीर केलात तर थांबणार नाही." जाता जाता कपाटाजवळची दुसरी खोळ पाहून त्यांनी ऐसेही सांगितले की, फार दिवस बॅग दाबून ठेवू नये, आतली भरण मरते, मोकळी करून टांगून ठेवावी.

येणेप्रमाणे खोळीचा वेढा एका दिवसात फत्ते जाहला. आपल्याकडील नुकसान: एक क्रीज, आणि साडूंची कंबर. पाडाव केलेला माल सॅकेच्या तळाशी बंदोबस्तात आहे. साडूंस मानाचा दुसरा चहा देऊन निरोप दिला. लाँड्रीच्या दारास कुलूप लावले आणि "डोंगरात गेलो आहे" ऐसी पाटी अडकवली. हे वर्तमान कन्येच्या आज्ञेवरून त्याच संध्याकाळी लिहिले.

दुसरी खोळ पुन्हा कपाटावर ठेवली आहे. ती मोकळी करायची राहिली आहे.