लायसन, बंडी आणि प्रागचं घड्याळ

मंचरच्या मार्केट यार्डात तीस वर्षं कांदा-बटाट्याची अडत करणाऱ्या माणसाला जगात कुठेही कुणी फसवू शकत नाही, असं माझं स्पष्ट मत होतं. होतं म्हणतोय, हे लक्षात घ्या. हमाल, ड्रायव्हर, वर सुका आणि खाली ओला कांदा भरून आणणारे, सगळे मी कोळून प्यायलोय. त्यामुळे मी युरोपला निघालो तेव्हा काळजी वाटायचीच तर ती युरोपला वाटायला हवी होती.

निघालो मात्र हौसेनं नाही. माझ्या बायकोला, आरतीला, काचबिंदू आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. तिला नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. समोरचा माणूस दिसतो, त्याच्या शेजारचा दिसत नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर ती रडली नाही. परत येताना खेडला चहाला थांबलो, तेव्हा बशीकडे बघत म्हणाली, "मला त्ये घड्याळ बघायचंय."

प्राग नावाच्या शहरात सहाशे वर्षांचं एक घड्याळ आहे. तास भरला की एक सांगाडा घंटा वाजवतो, दोन खिडक्या उघडतात आणि त्यातून संतांच्या मूर्ती एकामागून एक जातात. तिनं ते कधीतरी टीव्हीवर पाहिलेलं. मी म्हटलं, चल. त्या दिवशी ती चंद्रावर चला म्हणाली असती तरी मी टेम्पो सांगितला असता.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्यानं, ऋषीनं, सगळं ठरवून दिलं. दोन रात्रींचं हॉटेल, विमानतळावर घ्यायला येणारी गाडी, आणि वर मोबाइलवर सूचनांची यादी. नंबर चार, आपल्या नावाची पाटी धरलेल्या ड्रायव्हरच्याच गाडीत बसायचं. नंबर अकरा, रस्त्यात कुणी पोलीस म्हणून पाकीट नाहीतर पासपोर्ट मागितला तर द्यायचा नाही, तोतये असतात. नंबर चौदा, घड्याळासमोर सगळे वर बघतात तेव्हाच खिसे कापले जातात. मी यादी तोंडपाठ केली.

"काका, एवढं टेन्शन घेऊ नका. फक्त सावध राहा," ऋषी म्हणाला.

"सावध आमी जलमापासून हाय," मी म्हणालो.

आता माझी एक पद्धत सांगतो. येडगावहून माल आणायला नवा टेम्पो पाठवला की त्या ड्रायव्हरचं लायसन माझ्या गल्ल्यात राहतं. माल काट्यावर उतरला की लायसन परत. रस्त्यात कुणी अडवलंच तर ड्रायव्हर सांगतो, "सुभाषशेठकडं हाय," आणि तेवढ्यावर भागतं. या पद्धतीनं माझं एक पोतंही कधी गहाळ झालेलं नाही.

प्रागच्या विमानतळावर माझ्या नावाची पाटी घेऊन पावेल नावाचा उंच, हसरा माणूस उभा होता. पाटी काय, कुणीही लिहील! मी मोबाइलमध्ये मराठीत लायसन मागितलं, मोबाइलमधली भाषांतर करणारी बाई त्याच्या भाषेत बोलली, आणि त्यानं हसत लायसन दाखवायला पुढं केलं. मी ते घेतलं आणि आतल्या बंडीच्या खिशात घातलं. तिथंच दोघांचे पासपोर्ट होते. वरून चार सेफ्टी पिना लावल्या आणि शर्टाची बटणं बंद केली. पावेल हात पुढं करून तसाच उभा राहिला.

"हॉटेल," मी बोटानं दाखवलं. "मग लायसन."

मोबाइलमधल्या बाईनं त्याचं काय सांगितलं देव जाणे. त्यानं आरतीकडे बघितलं, आरतीनं ओशाळून हात जोडले, आणि तो गाडीत बसला. पाव्हण्याशी वाद नको, असा विचार त्यांच्याकडेही असावा.

निम्मी वाट गेल्यावर पोलिसांनी गाड्या तपासायला अडवल्या. पावेलनं नेहमीच्या सवयीनं खिसा चाचपला. मग आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग पोलिसाला माझ्याकडे बोट दाखवलं. पोलीस माझ्या खिडकीशी आला आणि हात पुढं केला.

"अवं, द्या की त्याचं कार्ड," आरती म्हणाली.

"गप. अकरा नंबर हाय ह्यो."

मी दार आतून लावून घेतलं. पोलिसानं काचेवर टकटक केली. मी मोबाइल काचेला लावला आणि बोललो, "तुमी खरं पोलीस कशावरनं? सायबाचा नंबर द्या." बाईनं ते भाषांतर करून खणखणीत आवाजात सांगितलं. दहा मिनिटांत दुसरी गाडी आली, तिच्यातून आणखी तिघं उतरले. तोतयांची टोळी चांगलीच मोठी दिसत होती. मी आरतीचा हात घट्ट धरला आणि म्हणालो, "घाबरू नको, मी हाय." ती म्हणाली, "त्याचीच भीती वाटाय लागलीय."

ते खरे पोलीस आहेत हे मला थेट ठाण्यात गेल्यावर पटलं. तिथलं बाकडं इतकं अवघड होतं की ते सरकारीच असणार. लायसन काढायला मी शर्टाची बटणं सोडू लागलो तसा समोरचा हवालदार दोन पावलं मागं सरला. तीन पिना निघाल्या, चौथी अडकली. शेवटी त्यांनी कात्री आणून बंडी कापली. मग पासपोर्टच्या चौकशा, फोन, कागद. दुभाष्या दुसऱ्या दिवशी मिळणार होता, तेव्हा जबाबाला परत या, असा निरोप मिळाला. पावेलचा दिवस माझ्यामुळे वाया गेला होता, तरी जाताना त्यानं आरतीला पाणी आणून दिलं. मला मान वर करून बघवेना.

पहिला दिवस तिथंच मावळला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत जबाब चालला. आरती ठाण्याच्या खिडकीशी उभी राहून समोरची लाल कौलं बघत होती. मान हळूहळू फिरवत, एकेक छप्पर वेगळं बघत. प्रागचं जे काही तिनं पाहिलं त्यातलं निम्मं त्या खिडकीतून.

चारला पाच कमी असताना आम्ही घड्याळासमोर पोचलो. ही गर्दी! पहाटेचं विमान होतं, म्हणजे आता काय ते हेच. मी आरतीच्या मागं उभा राहिलो, पाठ घड्याळाकडे, तोंड गर्दीकडे, दोन्ही हात बॅगेवर.

घंटा वाजायला लागली.

"कुठं बघू?" आरतीनं विचारलं.

"पर्स पोटाशी धर."

"खिडक्या कुठल्या बाजूला हायेत?"

"वर. हलू नको, ह्यो लाल टोपीवाला लई जवळ आलाय."

लाल टोपीवाल्यानं खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दी पांगली. आमचं काहीही चोरीला गेलं नाही, हे मी तिला मोठ्या समाधानानं सांगितलं.

विमानतळावर परत जाताना ती म्हणाली, "मला घावलंच न्हाई वो. खिडकी शोधूस्तवर संपलं. तुमी सांगा ना, कसं व्हतं?"

मी वर मान केलीच नव्हती. म्हणालो, "लई भारी. घरी गेल्यावर निवांत सांगतो."

भर पावसाळ्यात तिचा उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्यानं आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. मंचरात आल्यापासून मी घड्याळाची गोष्ट टाळत होतो. मग एक दिवस ऋषीकडून त्या घड्याळाचा व्हिडिओ मागवला, यार्डात बसून चार वेळा पाहिला, आणि संध्याकाळी ओट्यावर तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं. सांगाड्यानं दोरी कशी ओढली, संत कसे एकेक करून वाकून गेले, शेवटी सोनेरी कोंबडा कसा आरवला. ती डोळे मिटून ऐकत होती. चेहरा इतका खुलला होता की मला चेव आला.

"आन् वर छपरावर नुसतं बर्फ," मी म्हणालो. "पांढरं शुभ्र."

आम्ही गेलो होतो मे महिन्यात. त्या चौकात घामानं माझा शर्ट अंगाला चिकटला होता. व्हिडिओ कुणीतरी नाताळात काढलेला.

आरतीनं चाचपत माझा हात शोधला आणि आपल्या पदराखाली घेतला.

"लई गारठला असाल तवा," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणालो. "जरा वाजली थंडी."